कपाटातला पृथ्वीगोल

आमच्या शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशावर जुन्नर तालुका नव्हता. त्या जागी हरभऱ्याच्या दाण्याएवढे एक भोक होते, आणि ते मीच पाडले होते.

ते कसे पडले हे आधी सांगितले पाहिजे. मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. पहिली सहा वर्षे आंबेगावच्या पश्चिम डोंगरातल्या एका शाळेत आणि पुढची पंचवीस जुन्नरमधल्या ओझरच्या अलीकडच्या एका गावात. सातवीच्या वर्गाला दर वर्षी जुलै महिन्यात मी एक उपक्रम देत असे. प्रत्येकाने परदेशातून आलेली घरातली एक वस्तू शोधायची, किंवा आपल्या रानातून परदेशात जाणारी एक वस्तू. मग नकाशावर आपल्या गावी एक टाचणी, त्या देशात दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये दोरा. दोरा सरळ ओढायचा नाही. जहाज ज्या समुद्रातून जाईल त्याच समुद्रातून तो वळवत न्यायचा आणि वळणावर लहान टाचण्या लावायच्या, हा माझा नियम होता. शेवटी दोरा सोडवून फूटपट्टीवर मोजायचा. दुसरी टाचणी जगात कुठेही गेली तरी पहिली आमच्याच गावी टोचली जाई. पंचवीस वर्षांत तिथला कागद विरला, मागचे कापड दिसू लागले, आणि पुढे कापडही गेले.

या उपक्रमाची मी नोंदवही ठेवत असे. निवृत्तीनंतर त्या साऱ्या वह्या मी सलग वाचल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सुरुवातीच्या वह्यांतले दोरे पश्चिमेकडे जातात. कुणाच्या आजोबांचे मनगटी घड्याळ, कुणाच्या आईचे शिलाई मशीन, विहिरीवरचे जुने इंजिन. डोंगरातल्या शाळेत असताना एका मुलीने तिची आई रानातून वेचून आणते तो हिरडा आणला होता. व्यापारी तो पुढे कुठे पाठवतो हे तिच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हते. माझ्याजवळच्या जुन्या पुस्तकात हिरडा कातडी कमावण्यासाठी इंग्लंडला जातो असे छापलेले होते, म्हणून मी तिला दोरा लंडनला बांधायला सांगितला. त्या वर्षी तो खरोखर तिथे जात होता का, याची चौकशी मी केली नाही. मधल्या वह्यांत आखाती देश दिसू लागतात. कुणाचा तरी मामा तिथून टेपरेकॉर्डर आणतो. त्यानंतर दोरे पूर्वेकडे वळतात. मोबाइल, खेळणी, फवारणीचा पंप, गणपतीपुढची दिव्यांची माळ. शेवटच्या काही वर्षांत तर चीन, कोरिया आणि व्हिएतनामच्या बाजूला टाचण्यांची इतकी दाटी झाली, की तिथेही भोक पडायची वेळ आली होती.

दोरे वळले, पण माझा फळा वळला नाही. मी दर वर्षी फळ्यावर दोन रकाने आखत असे. डावीकडे ‘पुढारलेले देश’, उजवीकडे ‘पुढारत असलेले देश’. डावा रकाना आधी भरायचा, स्वच्छ अक्षरात, आणि उजव्यासाठी जागा कमी पडली की अक्षर बारीक करायचे. जगाची प्रश्नपत्रिका पश्चिमेत छापली जाते आणि आपण ती सोडवतो, असे मी शब्दांत कधी म्हटले नाही. रकाने मात्र तेच सांगत होते.

गावाचेही तसेच होते. आमच्याकडे द्राक्षबागा वाढल्या तशी ‘एक्स्पोर्ट’ या शब्दाला एकच दिशा मिळाली. एक्स्पोर्टचा माल म्हणजे युरोपात जाणारा माल. तो दुबईला गेला, बांगलादेशात गेला, आणखी पूर्वेला गेला, तर लोक नुसते ‘माल गेला’ म्हणत. युरोपकडून तपासणीला माणसे यायची असली, की बागेचे रूप शाळातपासणीच्या दिवसासारखे होई. बांध साफ, फवारणीची नोंदवही कव्हर घातलेली, हात धुण्याच्या जागी नवा साबण, आणि मजूर बायकांच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने मला एकदा सांगितले होते, की तपासणीच्या आदल्या दिवशी ती अजूनही सातवीत माझ्या तोंडी परीक्षेआधी करायची तशी सगळी उत्तरे पाठ करत बसते.

ही आठवण तिचीच आहे.

तिचे सासर तालुक्याच्या पूर्वेकडच्या आणे पठारावरचे. घराण्यात पूर्वी मेंढरे होती. सासऱ्यांनी तरुणपणी कळप घेऊन दर वर्षी कोकणाची वाट धरली, पुढे आमच्या गावाशेजारी कालव्याच्या पाण्याखालची जमीन घेतली आणि उतारवयात द्राक्षबाग उभी केली. तिचा नवरा चाकणला कारखान्यात नोकरीला. त्यामुळे बाग ती पाहते: छाटणी, विरळणी, फवारणी, बायकांच्या टोळीची हजेरी, सगळे. तरी माल कुणाला द्यायचा हा निर्णय मात्र सासऱ्यांचा असे. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी तो तिच्यावर सोपवला होता, आणि सोपवतानाच सांगून ठेवले होते, की एकदा चुकला तर पुन्हा माझ्याकडे.

तो हंगाम नेहमीचा नव्हता. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते. सुएझच्या कालव्याने जाणारी जहाजे आता आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जात होती. दूरवरच्या त्या भांडणात आमच्या तालुक्यातले कुणीच नव्हते, पण आमची द्राक्षे होती. तिच्या निर्यातदाराने तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले: युरोपचा कंटेनर, नाहीतर मलेशियाचा. दोन दिवसांत कळवा. युरोपला किती दिवस लागतील असे तिने विचारले, तर तो म्हणाला, चाळीसच्या आसपास. फोनवर शोधले तर चार ठिकाणी चार आकडे.

मग तिने काय केले ते ऐकून मला शिक्षिका म्हणून अतिशय आनंद झाला. आदल्या वर्षीच तिने आपल्या मालाची एक पेटी शीतगृहात ठेवून घेतली होती आणि ठरावीक दिवसांनी उघडून घडाचे देठ हिरवे आहेत की तपकिरी झाले, याची नोंद केली होती. पॅकिंगनंतरचे आणि माल उतरल्यानंतरचे दिवस वजा केले, तर जहाजासाठी तिच्याकडे बेचाळीस दिवस उरत होते. त्यापुढे देठ वाळतो, आणि वाळक्या देठाचा घड तिथला दुकानदार हातात घेत नाही. मग ती शाळेत गेली, मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, आणि भिंतीवरच्या त्या भोक पडलेल्या नकाशावर दोरा लावला. सुएझमार्गे पंचवीस दिवस लागत, हे तिला मागच्या वर्षांवरून माहीत होते. तो दोरा पंचवीस दिवसांचा धरायचा, आफ्रिकेच्या वळशाचा दोरा त्याच्या किती पट भरतो ते पाहायचे आणि त्रैराशिक मांडायचे. उत्तर आले एक्केचाळीस.

संध्याकाळी ती दोन्ही दोरे एका डबीत घेऊन माझ्या घरी आली. वहीतले गणित तिने माझ्यापुढे ठेवले आणि पूर्वीसारखीच बाजूला उभी राहिली.

“एक दिवस हातात राहतो, बाई. युरोपला देते. फक्त एकदा तपासून द्या.”

मी गणित तपासले. दोऱ्यांच्या लांब्या पुन्हा मोजल्या. चूक नव्हती. मी वहीच्या कडेला सवयीने बरोबरची खूणही केली. ती हसली आणि म्हणाली, की उद्या सकाळी बागेत या, आबांना तुमच्या तोंडून ऐकायचे आहे. आबा म्हणजे तिचे सासरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मी बागेत पोहोचले. बायका घडांवरचे कागद काढत होत्या. आबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या मागे भिंतीवर एक फोटो होता. काही वर्षांपूर्वी तपासणीला आलेला उंच, गोरा माणूस आणि त्याच्या हातात हात दिलेले आबा. या फोटोची कथा त्यांनी मला यापूर्वी तीनदा सांगितली होती, तरी चौथ्यांदा ऐकताना ती मला जुनी वाटली नाही. मेंढरांच्या दिवसांत चावडीवर, बाजारात, दवाखान्यात त्यांना बाहेरच उभे केले जाई. हा माणूस मात्र बागेत शिरण्याआधी स्वतः हात धुऊन आला, आणि सगळ्यांत आधी हात पुढे केला तो त्यांच्यासमोर. म्हणून माल युरोपलाच जावा, असे त्यांना मनापासून वाटे. सुनेचे उत्तरही तेच आल्यामुळे ते खुशीत होते.

चहा आला. मी त्यांना दोऱ्याची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी डबीतले दोरे हातात घेऊन निरखले, बोटाला गुंडाळले, पुन्हा सोडले.

“बाई, तुमी शिकवलेलं खोटं म्हणत न्हाई,” ते म्हणाले. “पर वाट दोऱ्यानं मोजत्यात व्हय? आमी मुक्कामानं मोजायचो. कागदावर बगा, घाटघर आन् खालचं कोकण बोटभर बी लांब न्हाई. मेंढरं उतरवाया अख्खा दीस जायचा. कागदाला घाट ठावाच नसतो.”

सून म्हणाली, समुद्रात घाट नसतो आबा.

“नसंल,” ते म्हणाले. “म्या कुटं बगितलाय समुद्र? पर कागद त्योच हाय ना?”

ते गमतीने बोलत होते. त्यांच्या मनात माझ्या गणितावर काडीचाही संशय नव्हता. उत्तर त्यांना हवे तेच होते. माझा चहाचा कप मात्र हातातच राहिला. कागद तोच होता. तीच तर अडचण होती.

वाचकांनी भूगोल सोडून बरीच वर्षे झाली असतील, म्हणून थोडक्यात सांगते. संत्र्याची साल एका तुकड्यात सोलून टेबलावर सपाट दाबली, तर ती फाटते. पृथ्वीचेही तसेच. ती कागदावर न फाडता पसरायची, तर कुठेतरी ताणावी लागते. आमचा नकाशा ज्या जुन्या पद्धतीने काढला होता, तिच्यात विषुववृत्तापाशी ताण जवळजवळ नसतो आणि ध्रुवांकडे जावे तसा तो वाढत जातो. त्यामुळे युरोप त्याच्या खऱ्या आकारापेक्षा पुष्कळ मोठा दिसतो. ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीने दिसते. प्रत्यक्षात आफ्रिकेत ग्रीनलंडसारखी चौदा मावतील. हे मी दर वर्षी शिकवत असे, संत्रे सोलून दाखवत असे. आणि त्याच आठवड्यात, त्याच नकाशावर, मुलांना दोरा लावून अंतर मोजायला सांगत असे. एकतीस वर्षांत ही विसंगती ना माझ्या लक्षात आली, ना एकाही तपासणी अधिकाऱ्याच्या.

दोऱ्याचे माप पृथ्वीगोलावर घ्यायला हवे होते. शाळेत पृथ्वीगोल होता. पण मी रुजू झाले तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी एक शिरस्ता घालून दिला होता: तपासणीच्या दिवशी गोल टेबलावर, एरवी कार्यालयातल्या लोखंडी कपाटात. मुलांच्या हातांनी तो मळेल, आस मोडेल, मग तपासणीला काय दाखवायचे? हे कारण मला तेव्हा पटले होते. जिथे गरज नव्हती तिथे मी पुष्कळ प्रश्न विचारले, हा एक विचारायचा राहिला.

मी तिला बाजूला घेऊन सगळे सांगितले. तिने वही पुन्हा उघडली. मग म्हणाली, “म्हणजे आफ्रिका कमी भरली.” हिशेबाची चूक किती आणि कुठल्या दिशेने, हे तिने माझ्याआधी ओळखले होते. युरोपजवळचा समुद्र दोन्ही दोऱ्यांत सारखाच ताणलेला होता. वळशामुळे वाढलेला सगळा भाग मात्र आफ्रिकेच्या कडेचा, म्हणजे नकाशावर आखडलेला. खरा वळसा दोऱ्याने दाखवला त्याहून लांब होता.

आम्ही दोघी तिच्या स्कूटीवर बसून शाळेत गेलो. आताचे मुख्याध्यापक वयाने माझ्या मुलासारखे. त्यांनी कपाटाची किल्ली शोधायला दहा मिनिटे घेतली. गोल बाहेर आला तेव्हा त्याच्यावर अजून दुकानातले प्लॅस्टिक होते, पिवळे पडलेले. ते फाडताना मला उगीचच चोरून काही करत असल्यासारखे वाटले. तपासणीच्या दिवशीही तो प्लॅस्टिकसकटच टेबलावर येत असे. तिने नवा दोरा घेतला. मुंबईवर मी बोट ठेवले. अरबी समुद्र, आफ्रिकेचा पूर्व किनारा, खालचे टोक, आणि मग वर, वर, किती वर. सपाट कागदावर झटकन संपणारा तो पश्चिम किनारा गोलावर संपता संपत नव्हता. सुएझचा दोराही आम्ही नव्याने घेतला. तिने त्रैराशिक मांडले, मी वेगळे मांडले. दोघींचे उत्तर एकच आले: चव्वेचाळीस.

जहाज काही दोऱ्यावर चालत नाही, हे मला कळते. वारा, बंदरातली रांग, कप्तानाचा वेग यांत दोन दिवस इकडेतिकडे होतात. पण एक्केचाळीस असताना नशिबाने साथ दिली तर चालेल असे म्हणता येते. चव्वेचाळीस असताना आपण नशिबाकडे माल सोपवत असतो. आदल्या संध्याकाळी वहीच्या कडेला केलेली बरोबरची खूण मी तिथेच खोडली, शेजारी चुकीची केली आणि खाली माझी सही केली. तिने वही बंद केली.

“मलेशिया,” ती म्हणाली. “आबांना मी सांगते. तुम्ही नुसत्या बसा.”

आबांना पटले नाही. ते रागावले नाहीत, पण त्यांनी तोंड फिरवून गोठ्याकडे पाहायला सुरुवात केली, आणि हे रागावण्याहून जड असते. मलेशियाला एवढा निवडलेला माल कशाला, असे ते म्हणाले. त्यांच्या मते तो माल साहेबासाठी जपला होता. हे म्हणजे हुशार पोराला परीक्षेला न बसवता घरीच ठेवल्यासारखे होईल. सुनेने वाद घातला नाही. निर्णय माझा आहे ना, एवढेच विचारले. त्यांनी मान हलवली. मग तिने त्यांच्यासमोरच निर्यातदाराला फोन लावला आणि कळवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मलेशियाच्या खरेदीदाराचा व्हिडिओ कॉल आला. तिने आग्रहाने मला बोलावून घेतले होते, इंग्रजीला आधार म्हणून. प्रत्यक्षात तिला माझी फारशी गरज पडली नाही. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली मध्यम वयाची एक बाई होती. तिने युरोपच्या तपासणीवाल्यांइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, बारकाईने चौकशी केली: शेवटची फवारणी कधीची, मण्याचा आकार किती, गोडी किती, पाणी कुठले. घड कॅमेऱ्यासमोर उलटा करून देठ दाखवायला सांगितला. आबा दाराच्या आडून ऐकत होते. प्रश्न कळत नव्हते, पण प्रश्नांची जात त्यांना ओळखता आली असावी. कारण तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला ते आत आले आणि खुर्ची ओढून सुनेच्या मागे बसले. त्या बाईने त्यांना पाहिले आणि छातीवर हात ठेवून किंचित झुकली. हे कोण, असे तिने विचारले. सुनेने सांगितले, की बाग यांनी लावली. मग त्या बाईने आपल्या घरीही म्हातारे सासरे असल्याचे आणि तेही दुकानात येऊन प्रत्येक पेटी उघडून बघत असल्याचे सांगितले. मी भाषांतर केले.

“मंग त्येंला सांगा,” आबा म्हणाले, “वरची पेटी न्हाई, खालची उघडून बगा म्हणावं. आमी खाली बी तसाच लावलाय.”

कंटेनर गेला. पुढचे दिवस मी जरा अस्वस्थ होते, कारण या वेळी गोलावरचे माप माझे होते आणि तेही चुकले असते तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. त्या अस्वस्थतेत मी एक काम उरकले. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सविस्तर लिहिले, की सातवीत शिकवलेली दोरा-पद्धत सपाट नकाशावर चुकीची आहे, दोष सर्वस्वी माझा आहे आणि अंतर पृथ्वीगोलावरच मोजावे. उत्तरे भराभर आली. ट्रक चालवणाऱ्या एकाने लिहिले, बाई, मी तर अजून तुमच्याच मापाने डिझेल टाकतोय. पुण्यात परिचारिका असलेली एक म्हणाली, माझा दोरा जर्मनीला होता आणि आता मी जपानी शिकतेय. आणि एकाने, जो वर्गात सदैव शेवटच्या बाकावर असे, एवढेच लिहिले, की त्या वेळी माझे अंतर वेगळे आले म्हणून तुम्ही दोन मार्क कापले होते, ते परत द्या. मी जुनी वही काढली. त्याचे उत्तर खरोखर वेगळे होते. त्याने अंतर घरी, भावाने शहरातून आणलेल्या एका लहान रबरी गोलावर मोजले होते. मी दोन मार्क परत दिले आणि तसा फोटो ग्रुपवर टाकला.

अकराव्या दिवशी तिचा फोन आला. पेट्या उतरल्या होत्या. त्या बाईने फोटो पाठवले होते, आणि पहिला फोटो खालच्या पेटीचा होता. देठ हिरवे. तिने तो फोटो मला पाठवला आणि सोबत आणखी एक: ओसरीवर आबा, मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून बसलेले.

त्या हंगामात युरोपला गेलेला सगळा माल वाया गेला, असे मुळीच नाही. शेजारच्या गावातल्या एकांचा पोहोचला. काही देठ वाळले, काही नाही, आणि त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा तिकडेच पाठवला. युरोप आपल्या जागी आहे आणि चांगले गिऱ्हाईक आहे. बदल झाला तो तिच्यात. पुढच्या वर्षी युरोपच्या खरेदीदाराकडून विचारणा दिवाळीआधीच आली. पूर्वी ती कधीच एवढ्या लवकर येत नसे. तिने लगेच हो म्हटले नाही. जहाज कुठल्या मार्गाने येणार, किती दिवस, मध्ये किती बंदरे, उशीर झाला तर कुणाची जबाबदारी, असे सहा प्रश्न तिने लिहून पाठवले. सहाही प्रश्न तिने मला आधी दाखवले होते. मी एकाही ठिकाणी काही दुरुस्त केले नाही. उत्तरे आली, तिला ती पटली, आणि तिने निम्मा माल तिकडे व निम्मा पूर्वेला दिला. निर्णय कुणाकडे राहणार, हा प्रश्न त्या घरात पुन्हा निघाला नाही.

भिंतीवरचा नकाशा अजून आहे. भोकाच्या मागून मी जाड कागद चिकटवला आणि त्यावर बारीक निबाने कुकडी, मीना आणि घोड नद्या काढल्या. पृथ्वीगोल आता कपाटात नसतो. सातवीच्या वर्गात खिडकीशी टेबलावर असतो, त्याची आस थोडी वाकली आहे आणि हिंदी महासागरावर कुणाच्या तरी बोटांचे डाग आहेत.

मागच्या महिन्यात शाळेत काही कार्यक्रम होता. आबा आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते त्या टेबलापाशी थांबले. मी त्यांना आपला भाग दाखवला, मग मलेशिया. त्यांनी एक बोट इथे ठेवले, दुसरे तिथे, आणि गोल हळूहळू फिरवत किती वेळ पाहत राहिले.

“अकरा मुक्काम,” ते म्हणाले. “लई लांब न्हाई.”

मग त्यांनी गोल आणखी थोडा फिरवला, युरोपवर बोट आणले आणि विचारले, की त्या उंच साहेबाचे गाव यात कुठे असेल. मला माहीत नव्हते. फोटोच्या मागे काही लिहिलेले असेल तर पाहून सांगते, असे मी त्यांना म्हणाले.